पंतोजींच्या शिध्यापासून वेतनश्रेणीपर्यंत

शिक्षकाच्या पगाराचा माग काढत आपण मागे गेलो, की देवळाच्या ओसरीवर मुले घेऊन बसलेले पंतोजी भेटतात. त्यांना ठरीव वेतन नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलांच्या घरून शिधा येई, थोडा पैसा येई, सणावाराला वस्त्र मिळे; दुष्काळाच्या वर्षी तेही आटे. 1854च्या वुडच्या खलित्याने शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. पुढे 1862मध्ये इंग्लंडात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली आणि मुंबई इलाख्यानेही तिचा अवलंब केला. तपासनीस साहेब येत, परीक्षा घेत, आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने शाळेला रक्कम मिळे.

1882मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनापाशी मात्र आपण जरा थांबले पाहिजे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना किमान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये पगार असावा, असे त्यांनी मागितले. गुरुजी कोणत्या समाजातून येतील हे पगारावरही ठरते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत दूरदृष्टीची मागणी होय.

पुढे प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि 1962मध्ये जिल्हा परिषदांकडे गेल्या. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977चा सेवाशर्ती कायदा झाला. 1981च्या नियमांना जोडलेल्या अनुसूचीत वेतनश्रेणी छापल्या गेल्या आणि संस्थाचालकांच्या मर्जीला निदान कागदावर तरी लगाम बसला. त्यानंतर पगाराची सूत्रे वेतन आयोगांकडे गेली. 1 जानेवारी 2016पासून लागू झालेल्या सातव्या आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-10 असून मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते. त्यात दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड श्रेणीची वाट.

पण 2000मध्ये राज्याने या रस्त्याच्या तोंडाशीच एक आडवाट काढली. नव्याने नेमलेल्यांनी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करायचे. प्राथमिक शाळेतले हे मानधन 2023मध्ये 6,000 रुपयांवरून 16,000 झाले. एकाच शाळेत, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना तेच पुस्तक शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाला श्रेणी मिळते आणि दुसऱ्याला मानधन. हे अन्याय्य आहे आणि ते थांबले पाहिजे.