पीएच.डी.साठी नेट : इंग्रजी उताऱ्यात ओळखीचेच शब्द फसवतात
जून २०२४ पासून यूजीसी-नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. पेपर १ सगळ्यांना सक्तीचा : ५० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या उताऱ्यावर ५ प्रश्न, म्हणजे १० गुण. हा पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो. मराठी विषय घेतला तरी सुटका नाही.

मग बेळगाव-निपाणीकडची मुलं अवघड शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. गोची होते ती रोजच्या शब्दांनी. बँकेत कर्ज ‘सॅन्क्शन’ होतं, म्हणजे मंजूर. उताऱ्यात एखाद्या देशावर ‘सॅन्क्शन्स’ लागले, तर ते निर्बंध! ‘क्वालिफाय’ म्हणजे आपल्याकडे पात्र ठरणं, पण ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. ‘हार्डली’ म्हणजे कष्टाने नव्हे, जेमतेम. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच.

सरावाला इंग्रजी दैनिकातला रोजचा एक अग्रलेख पुरे. प्रत्येक परिच्छेदाचं सार मराठीत एका ओळीत लिहावं. ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’ दिसलं की खाली रेघ ओढावी, लेखक तिथेच वळतो. उत्तर उताऱ्यातलंच हवं, आपल्या माहितीतलं नको. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे पाचातला एकही प्रश्न कोरा सोडू नये.