बोलपट घरात आला त्याची गोष्ट



७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्रपट पाहणे म्हणजे घर सोडून चार लोकांत जाऊन बसणे, अशी रीत पडली. पीठ आणि बाल्कनी हा भेद होताच. परंतु छप्पर एक होते, आणि नायिका रडली की दोन्हीकडे पदर डोळ्यांना लागत.

ही रीत १९८२ पासून मोडू लागली. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले, नोव्हेंबरात दिल्लीस आशियाई खेळ भरले, आणि पाठोपाठ व्हिडिओचे पेव फुटले. आमच्या चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणीत. एका खोलीत बोलपट चाले, पण प्रेक्षक गॅलरीपर्यंत बसलेले असत. घरात आला तरी तो चाळीचाच खेळ होता.

आज तो ज्याच्या त्याच्या हातातील फोनवर आला आहे. यात लाभही आहे. थिएटरात दोन दिवस न टिकणारे चित्र आता रात्रपाळीहून आलेली परिचारिकाही पाहू शकते.

अशी दोन प्रेमकथानके मी अलीकडे घरी पाहिली. रोहेना गेरा यांचा 'सर' २०२० च्या नोव्हेंबरात थिएटरांत लागला आणि २०२१ च्या जानेवारीत घरोघर पोचला. खेड्यातून मुंबईस आलेली विधवा मोलकरीण रत्ना आणि तिचा मालक, यांची ही कथा. तिलोत्तमा शोम यांनी रत्नाचा स्वाभिमान उत्तम दाखविला आहे. तथापि माझी एक तक्रार आहे. रत्नाला वाट सापडते ती मालकाच्या भलेपणामुळे; आणि भलेपणा हा काही हक्क नव्हे.

पायल कापडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' ला २०२४ मध्ये कान येथे ग्रां प्री मिळाले. २०२५ च्या जानेवारीत तो घरी आला. त्यात मल्याळी परिचारिकांच्या प्रेमाची कथा आहे. परंतु माझे लक्ष खिळले ते छाया कदम यांच्या पार्वतीवर. ती रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गिरणीत होता. खोलीचे कागद नाहीत, म्हणून तिला रत्नागिरीकडे परतावे लागते. १९८२ चा संप ज्यांना संपलेला वाटतो, त्यांनी हे चित्र जरूर पाहावे. प्रेमाला आधी एक खोली लागते, हे या चित्राने ओळखले आहे.

आता शेवटचे. पिटातला माणूस निदान त्याच छपराखाली होता. आज दिवाणखान्यात 'सर' चालू असताना मोरीत भांडी घासणारी बाई त्या खेळाला हजर असते काय? महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कायदा केला. त्याने कल्याण मंडळ दिले. साप्ताहिक सुट्टी मात्र मालकिणीच्या मर्जीवरच राहिली.

रत्नासाठी आपले डोळे भरून आले असतील, तर आपल्या घरच्या बाईला आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्यावी. चित्रपट तिचा ती पाहील.