उभ्या घोड्याचे पाय

दोन वर्षांपूर्वी जुलैत माथेरानला गेले होते. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. गिऱ्हाईक नाही, त्यामुळे घोडे थानावरच बांधलेले. चौथ्या दिवशी सकाळी एका घोड्याचे मागचे दोन्ही पाय खालून सुजलेले दिसले, जाड मोजे चढवल्यासारखे.

"मामा, याला आज आराम द्या ना," मी म्हटलं.

घोडेवाले मामा हसले. "आरामानंच तर सुजलाय, ताई."

त्यांनी पाय चाचपले. गरम लागतात का, दाबल्यावर दचकतो का, ते पाहिलं. मग लगाम धरून त्याला हळूहळू चालवत नेलं. परत आले तेव्हा सूज बरीच उतरली होती.

कारण साधं आहे. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात स्नायू जवळजवळ नसतातच. असतात हाडं, कंडरा आणि कातडी. तिथलं रक्त आणि लसिका वर चढायला हालचाल लागते. प्रत्येक पावलाला खूर दाबला जातो आणि पंपासारखं काम करतो. घोडा उभा राहिला की पाणी खाली साचतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांचा माल घोडेच ओढत. रविवारी सुट्टी, पण दाण्याचा खुराक पूर्ण. सोमवारी सकाळी एखाद्या घोड्याचा मागचा पाय टम्म फुगलेला, अंगात ताप. या दुखण्याला नावच पडलं 'सोमवार सकाळचा पाय'. ही नुसती साचलेली सूज नव्हती, लसिकावाहिन्यांचा दाह होता. त्यावर शिकलेला धडा असा: सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करा आणि घोड्याला थोडं फिरवा.

हे वाचताना मला शिवाजी महाराजांचं पत्र आठवलं. १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं. दाणा-वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, असा त्यात इशारा आहे. चिंता साठ्याची आहे, पायांची नाही. पण तेव्हाही पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि पागा महिनोन्महिने एका जागी राही. त्या घोड्यांना रोज खरारा करणारा, फिरवून आणणारा मोतद्दार कुठल्या बखरीचा नायक नाही. दसऱ्याला घोडी निघत, ती त्याच्या जोरावर, असं मला वाटतं.

मामांनी निघताना बजावलं होतं: दोन्ही पाय सारखे सुजलेले, थंड, न दुखणारे असतील तर चालवायचं. पण एकच पाय सुजला, गरम लागला, घोडा लंगडला, तर एक पाऊलही चालवायचं नाही. थंड पाणी सोडायचं आणि डॉक्टरला बोलवायचं.

मी मात्र न चाचपताच आराम सांगून मोकळी झाले होते.