धोकादायक श्वानजाती आणि चाव्यांची आकडेवारी

कुत्र्यांच्या काही जाती मुळातच माणसाच्या जिवावर उठणाऱ्या असतात, हा समज रूढ आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ हल्ल्यांचे आकडे मांडले जातात. पिटबुल व रॉटवायलर यांची नावे त्यात सर्वांत पुढे असतात.

या वादात वारंवार येणारी आकडेवारी अमेरिकेतली आहे. १९७९ ते १९९८ या काळातल्या, हल्लेखोर कुत्र्याची जात नोंदलेल्या २३८ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पिटबुल प्रकारच्या कुत्र्यांच्या व रॉटवायलरच्या नावावर होते. सांगणारे बहुधा इथेच थांबतात. त्याच अभ्यासात किमान २५ जाती आढळल्या होत्या, आणि यावरून जातवार धोका काढता येत नाही, असे खुद्द संशोधकांनी बजावले होते. हाती अंश आहे, छेद नाही. एखाद्या जातीची कुत्री एकूण किती, हे ठाऊक नसताना तिचे प्रमाण निघणार कसे? पाळणारे वाढले की स्वभाव तोच राहूनही त्या जातीच्या नावावरचे हल्ले वाढतात.

अंशाचाही भरवसा नाही. जात बहुतेकदा नुसत्या नजरेने ठरते. फ्लोरिडातल्या निवाऱ्यांमधील १२० कुत्र्यांच्या डीएनए तपासणीत (२०१५) पिटबुलचा वंश २५ कुत्र्यांतच सापडला. कर्मचाऱ्यांनी त्याच्या दुपटीहून अधिक कुत्रे पिटबुल ठरवले होते. अमेरिकेतल्याच २००० ते २००९ मधील २५६ मृत्यूंच्या फेरतपासणीत जातीची खात्री जेमतेम १८ टक्के प्रकरणांत पटली. उलट ८७ टक्के घटनांत मध्ये पडून सोडवू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते. लहान मुलाला कुत्र्यापाशी एकटे सोडू नये, हा या आकड्यांतला सर्वांत उपयोगी धडा जातीच्या भांडणात हरवतो.

भीती सर्वस्वी निराधार नाही. चिवावा किंवा डॅक्सहुंड सहज अंगावर येतात, पण त्यांचा चावा सहसा दवाखान्यापर्यंत जात नाही. दणकट जबड्याचा मोठा कुत्रा जीव घेऊ शकतो.

या भीतीतूनच ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने पिटबुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो या जातींवर बंदी घातली. भारतात केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना कळवले; कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिलमध्ये रद्द केले. त्या वर्षी देशात चाव्यांच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या पावणेपाच लाखांहून अधिक महाराष्ट्रात. या नोंदी जातवार नाहीत. शिवाय आपल्याकडचा मोठा धोका रेबीजचा. तो कुत्र्याला लस दिली आहे की नाही यावर ठरतो.