कन्सोल पोर्ट: फोनवरून स्विचशी बोलायला केबल कोणती?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या नेटवर्क स्विचचा आयपी लागेना, आणि माझा लॅपटॉप घरी. फोन मात्र खिशात होता, आणि कन्सोल पोर्टला नेटवर्क लागतच नाही.

फोनला ओटीजी, त्याला यूएसबी-टू-सिरियल अ‍ॅडॉप्टर, मग नऊ पिनांची फिकट निळी कन्सोल केबल. तिचं दुसरं टोक लॅनसारखंच दिसतं, पण 'कन्सोल' लिहिलेल्या पोर्टातच घाला. आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो, म्हणून साधी लॅन केबल इथे चालत नाही. सिरियल टर्मिनल अ‍ॅपमध्ये स्पीड ९६०० ठेवा. सिस्कोच्या बहुतेक स्विचना तोच लागतो. स्क्रीनवर अक्षरांऐवजी कचरा आला तर आधी स्पीड बदलून बघा. आमच्या स्विचचा आयपी कुणीतरी बदलून ठेवला होता, बस्स.

घरच्या वाय-फाय राउटरच्या आतल्या सिरियल पिनांना मात्र हा अ‍ॅडॉप्टर चुकूनही लावू नका. आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक, त्यात तारेवर उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत येऊ शकतात; त्या पिना बहुधा ३.३ व्होल्टच्या. कॉलेजात असताना मी लावला आणि घरचा राउटर कायमचा गेला. (बाबांना अजून वाटतं, वीज पडली.) तिथे ३.३ व्होल्टचा टीटीएल अ‍ॅडॉप्टरच हवा: टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. व्हीसीसीची तार मोकळी सोडा, राउटरला त्याचा चार्जर वीज देतोच.