जैविक घड्याळ आणि स्नायूंची ताकद

जैविक घड्याळ ही शरीरक्रियांना सुमारे २४ तासांच्या लयीत बांधणारी अंतर्गत यंत्रणा आहे. तिचे मुख्य केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असून डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानुसार ते आपली वेळ जुळवते. या लयीची जनुकीय कार्यपद्धती उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि सायंकाळी उच्चांक गाठते. स्नायूंची ताकदही साधारणतः दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत सर्वाधिक आढळते. नियमितपणे सकाळी सराव करणाऱ्यांमध्ये मात्र हा फरक बराच कमी होतो. त्यामुळे ‘व्यायाम संध्याकाळीच करावा’ हा सल्ला सरसकट लागू पडत नाही.

आकुर्डी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात तो आणखीच अपुरा ठरतो. येथील अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पाळी दर आठवड्याला बदलली, तरी जैविक घड्याळ दिवसाला साधारण एखादाच तास सरकते. शिवाय रात्रपाळीहून परतताना डोळ्यांवर पडणारे सकाळचे ऊन त्याला पुन्हा दिवसाकडे ओढते. अशा वेळी थेट व्यायामशाळेत जाणाऱ्या कामगाराची ताकद अपुऱ्या झोपेमुळे आणखी घटलेली असू शकते.