श्प्रिंत्से : एका दुर्मिळ ज्यू स्त्रीनामाची कुळकथा

‘श्प्रिंत्से’ किंवा ‘श्प्रिंत्सा’ हे पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक ज्यूंमधील जुने स्त्रीनाम. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाशी त्याचा संबंध नाही. नावाचा अर्थ ‘आशा’. आपल्याकडील आशा नावाच्या मुलीला तो कोणाला विचारावा लागत नाही. श्प्रिंत्सेला मात्र स्वतःच्या नावाचा अर्थ ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. यिद्दिशमध्ये आशेला ‘होफेनुंग’ म्हणतात, हिब्रूत ‘तिक्वा’. या दोन्ही शब्दांशी तिच्या नावाचे काहीच नाते दिसत नाही.

नाते आहे ते लॅटिनपासून निघालेल्या भाषांशी. स्पॅनिशमध्ये आशा म्हणजे ‘एस्पेरान्सा’, इटालियनमध्ये ‘स्पेरान्त्सा’. १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंनी हे नाव पूर्वेकडे नेले, अशी लोकप्रिय समजूत आहे. ती हृदयस्पर्शी असली, तरी ध्वनींची साक्ष इटालियन रूपाच्या बाजूने अधिक पडते. त्यात आरंभीचा ‘ए’ नाही आणि ‘त्स’ हा उच्चार तयारच आहे. जर्मन व यिद्दिश उच्चारात शब्दारंभीच्या ‘स्प’चा ‘श्प’ होतो. पुढे मधला ‘ए’ गळाला, ‘आन’चे ‘इन’ झाले आणि स्पेरान्त्साची श्प्रिंत्से झाली. यिद्दिशमध्ये ‘श्प्रित्स’ म्हणजे पाण्याचा फवारा. मूळ अर्थ विसरलेल्या कानांना हे नाव त्या शब्दासारखे वाटू लागले, तर नवल नाही.

परके नाव इतके रुजले कसे? ज्यू पुरुषाला सभास्थानात तोराहवाचनासाठी हिब्रू नावाने पुकारले जाई, म्हणून त्याला धार्मिक नाव आवश्यक असे. स्त्रियांना तसे पुकारले जात नसे. त्यामुळे त्यांची नावे लोकभाषांतून मोकळेपणाने आली. शिवाय दिवंगत आजी-पणजीचे नाव नातीला ठेवण्याची अश्कनाझी प्रथा. भाषा बदलली, देश बदलला, तरी पणजीचे नाव घरात राहिले; अर्थ तेवढा वाटेत गळाला. घटस्फोटपत्रात नाव अचूक अक्षरांत लिहिले नसेल, तर ते पत्र अवैध ठरू शकते. म्हणून धर्मशास्त्र्यांनी अशा लौकिक नावांच्या याद्या करून त्यांची वर्णलेखने ठरवली. स्त्रीनामांच्या अभ्यासकांना आज याच याद्यांचा मोठा आधार आहे.

‘येन्टे’ हे नावही याच वाटेने आले. त्याचे मूळ ‘कुलीन, सौम्य’ या अर्थाच्या ‘जेन्तिले’ शब्दात सांगितले जाते. अमेरिकेत मात्र ‘येन्टे’ म्हणजे चहाटळ, लुडबुड्या बाई, असा अर्थ रूढ झाला.

श्प्रिंत्सेची साहित्यातील ओळख शोलेम अलेखेम यांच्यामुळे. त्यांच्या दूधवाल्या तेव्येच्या एका मुलीचे हे नाव आणि तिच्यावर १९०७ ची स्वतंत्र कथाही आहे. श्रीमंत घरातील तरुणावर तिचे प्रेम जडते, त्याचे नातलग ते मोडतात आणि ती नदीत जीव देते. नावाचा अर्थ जाणून ही कथा वाचली, की ती अधिकच बोचते. याच कथांवर आधारलेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या १९६४ च्या संगीत नाटकात मात्र ती एक लहानशी, जवळजवळ अबोल मुलगी उरली आहे.

दुसऱ्या महायुद्धातील संहारात यिद्दिशभाषक वस्त्याच नष्ट झाल्या. इस्रायलमध्ये हिब्रू नावांना पसंती मिळाली आणि आशेसाठी ‘तिक्वा’ हे नाव सरळ उपलब्ध होते. श्प्रिंत्से आजीच्या पिढीचे, खेडवळ नाव ठरले. आज ते मुख्यतः हसिदी कुटुंबांत आढळते. ब्रुकलिनमध्ये ‘श्प्रिंत्सी’ असे त्याचे लाडके रूपही ऐकू येते.

याच लॅटिन धातूपासून आणखी एक नाव घडले. बियालिस्टोक येथे जन्मलेले ज्यू नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये आपली कृत्रिम जागतिक भाषा प्रसिद्ध केली ती ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे ‘आशा बाळगणारा’, या टोपणनावाने. पुढे भाषेलाही तेच नाव पडले.